पोटाचे दुखणे आणि मनावरचे ओझे



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो चारचौघांत काढायचा नसतो असा आपल्याकडे संकेत आहे. मुलाचा हात मोडला तर वर्गातली मुले प्लास्टरवर सह्या करतात. पण दिवसातून सहा वेळा शौचास जावे लागते, शौचावाटे रक्त जाते, हे पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने कोणाला सांगावे? गुपित राखण्याला आपण 'पोटात ठेवणे' म्हणतो. ही मुले आजारही पोटातच ठेवतात. आमच्या मते अर्धे दुखणे त्या लपवण्याचेच असते.

हे आजार एका जातीचे नाहीत. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांत आतड्याला सूज येते, व्रण पडतात. सीलिअ‍ॅकमध्ये गहू सोसत नाही. आय.बी.एस. मात्र नेहमीच्या तपासण्यांत सापडत नाही, म्हणून त्याची सर्वांत जास्त हेटाळणी होते. 'परीक्षा आली की याचे पोट दुखते!' दुखते हे खरेच, पण ते ढोंग नव्हे. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते व त्याचे मेंदूशी दुतर्फा दळणवळण चालते. भीतीने आतडे आवळते आणि दुखऱ्या आतड्याने मन खचते. मात्र रक्त पडणे, वजन घटणे, उंची खुंटणे, दुखण्याने रात्री जाग येणे, यांतले काही असेल तर 'मनाचे आहे' म्हणून घरी बसू नये, डॉक्टरांकडेच जावे.

आता पनवेलहून मुंबईला कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा दिवस पाहा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे ८० मिनिटे, आणि लोकलला शौचालय नाही. म्हणून तो उपाशी निघतो, डबा तसाच परत आणतो, सहलीला नको म्हणतो. आई म्हणते, हल्ली एकलकोंडा झालाय. औषधात स्टिरॉइड असेल तर चेहरा सुजतो, पुटकुळ्या येतात, तेही नेमके आरशापुढे उभे राहण्याच्या वयात. सीलिअ‍ॅकच्या मुलीने वडापाव नाकारला की मैत्रिणी म्हणतात, भाव खाते. (तांदळाची, नाचणीची भाकरी तिला चालते, हे आपल्या कोकणाचे सुदैव.)

ही लाज आजची नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी असलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. कोणी जवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर ठेवले. ही कथा आपण अनेकदा ऐकतो. तिच्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. तेथे शुश्रूषा करणाऱ्याने मलमूत्राची किळस करू नये असे आहे, तसेच रोग्याने आपले दुखणे आहे तसे सांगावे असेही आहे. सांगणे आणि न किळसता ऐकणे, दोन्ही एकत्रच येते.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस सतराव्या वर्षी जडला. २००७ मध्ये त्यांनी पद सोडले, तेव्हा या आजाराचे नाव लोकांपुढे आले नव्हते. नव्या औषधाने आराम पडला, २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि २०२० मध्ये पायउतार होताना हाच आजार त्यांनी जाहीरपणे कारण म्हणून सांगितला. एवढ्या मोठ्या माणसालाही उघड बोलायला इतकी वर्षे लागली, मग आपल्या लेकरांवर का रागवावे?

शिक्षकांना आमची विनंती साधी आहे. अशा मुलाला दाराजवळची जागा द्यावी आणि न विचारता बाहेर जाण्याची मुभा द्यावी. कारण वर्गापुढे वदवू नये. पालकांनी 'आज किती वेळा?' याआधी 'आज काय काय झालं?' असे विचारावे. मुलांनो, निदान एका मित्राला सांगा. मन फारच खचले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. २०२२ पासून ही सेवा मोफत आहे. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या 'मैत्री' क्लिनिकमध्येही जाता येते.

ज्यांना सर्वांसमोर प्रश्न विचारणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी सभा संपल्यावर आम्ही अर्धा तास मागच्या खोलीत थांबणार आहोत.