चुकीच्या थरातले पुरावे

बेंगळुरूच्या हेब्बाळ भागात २०१८ साली खोदकामाच्या वेळी एक वीरगळ उजेडात आला. गंग घराण्यातला राजा श्रीपुरुष याच्या काळातला, इसवी सन ७५० च्या सुमाराचा. ‘रट्टवाडी’ची, म्हणजे राष्ट्रकूटांकडची, चाल आली असता कित्तय्य नावाचा वीर लढून इंद्रलोकी गेला, एवढे त्यावर जुन्या कन्नडात कोरले आहे. गावासमोर उभा राहिलेला हा दगड साऱ्यांच्या डोळ्यांदेखतचा पुरावा होता.

त्याच गंगांचे ताम्रपट मात्र वादात सापडले. ताम्रपट हा जमिनीचा दस्त. करमुक्त गाव पिढ्यान्‌पिढ्या उपभोगायचे तर जुन्या राजाचे नाव कामी येई, आणि बनावट तिथूनच सुरू होई. हा लोभ फार जुना आहे. इसवी सन ६३१ च्या मधुबन ताम्रपटात हर्षवर्धन सांगतो की, सोमकुंडका हे गाव एका ब्राह्मणाने कूटशासनाच्या, म्हणजे खोट्या ताम्रपटाच्या, आधारे बळकावले होते. राजाने तो पत्रा मोडून टाकला आणि गाव दुसऱ्या दोघांना दिले.

गंग ताम्रपटांची कसून झडती घेतली ती मुंबई इलाख्यातले अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट यांनी. म्हैसूरचे बी. लुईस राइस यांनी बहुतेक पट खरे मानले होते. फ्लीट यांनी त्यांतले पुष्कळसे बनावट ठरवले. मडिकेरीच्या पटावर ३८८ हे वर्ष आहे. ते शकाचे धरले तर इसवी सन ४६६ येते. पण त्यात ‘अकालवर्ष’ हे बिरुद येते, आणि ते राष्ट्रकूट कृष्णराजांनी लावलेले. म्हणजे आठव्या शतकाआधीचे नव्हे. अक्षरेही उशिराची. बनावट करणाऱ्याने खरी नावे घेतली आणि ती चुकीच्या काळात ठेवली. तरी फ्लीट यांचा संशय सरसकट टिकला नाही. पेनुकोंडा येथील गंग ताम्रपट पुढे त्यांनी स्वतःच अस्सल मानला. परीक्षा कठोर असावी, पण प्रत्येक पत्र्याची वेगळी असावी, हे या वादातून अभ्यासकांना पटले.

खरी गोष्ट चुकीच्या काळात ठेवण्याची हीच युक्ती जपानमध्ये मातीच्या थरांत झाली. तिथला सर्वांत जुना उपलब्ध इतिहासग्रंथ ‘कोजिकी’ ७१२ सालचा आणि ‘निहोन शोकी’ ७२० सालचा, म्हणजे जवळजवळ श्रीपुरुषाच्या काळातले. त्यांच्याही फार मागचा, पुराश्मयुगाचा काळ शोधायचा तर दगडी हत्यारांखेरीज फारसे साधन नाही. शिनइची फुजिमुरा या हौशी संशोधकाला १९८१ पासून उत्खननांत एकाहून एक जुनी हत्यारे सापडू लागली. त्याला लोक ‘देवाचा हात’ म्हणत. जपानमधली मानवी वस्ती सहा लाख वर्षांपर्यंत मागे नेली गेली. ५ नोव्हेंबर २००० रोजी ‘माइनिची शिंबुन’ने त्याची छायाचित्रे छापली. मियागी प्रांतातल्या कामिताकामोरी येथे तो स्वतःच हत्यारे पुरत होता.

ती हत्यारे नकली नव्हती. बरीचशी नंतरच्या, जोमोन नावाच्या प्रागैतिहासिक काळातली होती, फक्त कितीतरी जुन्या थरात घातलेली. खरे तर अशा थरात एवढी घडीव हत्यारे येतात कशी, हा प्रश्न काही अभ्यासकांनी आधीच विचारला होता. पण शोधाच्या आनंदात त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे जपानी पुरातत्त्व संघटनेच्या चौकशीत त्याची शंभराहून अधिक स्थळे निकामी ठरली आणि शालेय पाठ्यपुस्तकांतून ते मजकूर काढावे लागले.