अडचणीच्या काळात मालाची साखळी : कंपन्यांचे अनुभव आणि द्राक्ष बागायतदार

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्येचा प्राध्यापक आहे. माझ्याकडून खत, पाणी व छाटणी याविषयी काही ऐकावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. बागेतून गाडी निघाली की आपण सुटकेचा श्वास सोडतो. तो माल पुढे किती हातांतून जातो, वाटेत कोठे अडतो, आणि संकट आले म्हणजे कंपन्या ही वाट कशी सांभाळतात, याविषयी मला बोलायचे आहे.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. सन २०१० मध्ये मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. निफाड तालुक्यात आमची दीड एकर थॉमसन सीडलेसची बाग. त्या वर्षी माल उत्तम होता. निर्यातदाराने तो उचलला, कंटेनर युरोपला गेला, आणि मग निरोप आला की माल बंदरावर अडविला आहे. द्राक्षात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, या वाढरोधकाचे अंश सापडले होते. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम इतकी होती. पैसे आले नाहीत. एप्रिलच्या खरड छाटणीची मजुरी वडिलांनी उसनवारीने भागविली.

वडील मला म्हणाले, "तू शेतकी शिकतोस. माल जाण्याआधी तपासला होता ना? मग तेव्हा हे का सापडले नाही?" मी उत्तर शोधले. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांसाठी नमुने तपासले जात, त्या यादीत सीसीसीचे नावच नव्हते. आणि आमची फवारणीची वही उघडली, तर तीत पहिली नोंद ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची होती. सीसीसी दिले होते त्याआधी, खरड छाटणीनंतर, वेलीची वाढ रोखून घड चांगले सुटावेत म्हणून. हा पदार्थ वेलीत मुरून बराच काळ राहू शकतो. जे यादीत नव्हते, ते आमच्या वहीतही नव्हते. साखळी नेमकी तेथे तुटली.

मालाची साखळी म्हणजे काय?

आपल्या द्राक्षाचेच उदाहरण घेऊ. बाग, काढणी, पॅकहाऊस, पूर्वशीतकरण, शीतगृह, थंड कंटेनर, न्हावा शेवा बंदर, जहाज, रॉटरडॅमसारखे युरोपातील बंदर, तेथील गोदाम आणि शेवटी दुकान. या झाल्या पुढे जाणाऱ्या कड्या. मागे येणाऱ्याही कड्या असतात : खते, औषधे, खोके, ग्रेपगार्डचे कागद, मजूर, वीज, पैसा. यांपैकी एक जरी थांबली तरी बाकीच्या सर्व थांबतात. द्राक्ष मात्र कोणासाठी थांबत नाही.

१९९१ साली महाग्रेप्स स्थापन होऊन द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्रितपणे युरोपला माल पाठवू लागल्या, तेव्हाही हाच अनुभव आला. सुरुवातीच्या वर्षांत बराच माल तेथे नाकारला गेला. बागेत गोड असणारे द्राक्ष तेथे पोचेपर्यंत टिकत नव्हते. पूर्वशीतकरण, शीतगृहे आणि प्रतवारी यांची घडी बसली, तेव्हा कोठे निर्यात रुळावर आली.

एक आग, दोन कंपन्या

आता एक परदेशातील घटना सांगतो. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की येथे वीज पडल्यामुळे फिलिप्स कंपनीच्या कारखान्यात लहानशी आग लागली. ती दहा मिनिटांत विझली. परंतु तेथे मोबाइल फोनच्या चिप तयार होत, आणि त्या कामाला धूळ अजिबात चालत नाही. धुराने व पाण्याने तयार माल तर गेलाच, कारखानाही आठवडेच्या आठवडे सुरळीत होऊ शकला नाही.

या चिप घेणारे दोन मोठे ग्राहक होते, फिनलंडची नोकिया व स्वीडनची एरिक्सन. कारखान्याने दोघांनाही सांगितले की आठवडाभराचा उशीर होईल. नोकियाच्या माणसांनी त्यावर विसंबून न राहता रोज चौकशी सुरू केली, माणसे पाठविली, फिलिप्सच्या इतर कारखान्यांतून माल मागितला आणि दुसऱ्या पुरवठादारांनाही कामाला लावले. एरिक्सनने आठवडा संपण्याची वाट पाहिली. खर्च वाचावा म्हणून तिने काही महत्त्वाच्या चिपसाठी एकच पुरवठादार ठेवला होता. जागी झाली तेव्हा मोकळा माल कोणाकडेच उरला नव्हता. तिला सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला, आणि २००१ मध्ये तिने आपला फोनचा धंदा सोनी कंपनीबरोबर भागीदारीत घातला.

आग दोघींना सारखीच होती. एकीने चौकशी केली आणि दुसरीकडे वळण्याची तयारी दाखविली. दुसरीने तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली.

टोयोटाने काय शिकून घेतले?

जपानची टोयोटा ही मोटारींची कंपनी फारसा साठा न ठेवता, लागेल तेव्हा लागेल तेवढा सुटा भाग मागविण्यासाठी प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी तिला ब्रेकचा एक लहानसा व्हाल्व्ह पुरविणारा आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. जवळजवळ सर्व व्हाल्व्ह तेथूनच येत, त्यामुळे टोयोटाचे कारखाने बंद पडले. मग आयसिनने आपली रेखाचित्रे इतरांना खुली केली. सुमारे दोनशे कंपन्या मदतीला आल्या. त्यांत शिलाई यंत्रे तयार करणारी ब्रदर ही कंपनीही होती. काही दिवसांतच काम पुन्हा सुरू झाले. वर्षानुवर्षांचे संबंध उपयोगी पडले.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने आणखी एक पाऊल टाकले. आपल्याला माल देणारा कोण, हे तिला ठाऊक होते. त्याला माल देणारा कोण आणि त्यालाही देणारा कोण, याची तिने नोंद केली. ज्या वस्तू मिळायला फार वेळ लागतो, अशा चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवण्यास सांगितले. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला जगभर चिपचा तुटवडा पडून अनेक मोटार कंपन्या अडल्या, तेव्हा टोयोटा बराच काळ तग धरून राहिली. अडचण लांबली तेव्हा तिलाही सप्टेंबर २०२१ चे ठरलेले उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले. साठा म्हणजे मिळालेली मुदत होय. त्या मुदतीत दुसरी वाट शोधावी लागते.

आपल्या द्राक्षाची साखळी कशी सुधारली?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. द्राक्षात ठेच आपल्यालाच लागली आणि शहाणेही आपल्यालाच व्हावे लागले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. त्यानंतर अंश तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. २००६ मध्ये अपेडाने ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था आणली. आपण कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी करतो, प्लॉटमधून नमुना घेतला जातो, अंश जास्त आढळल्यास त्या प्लॉटचा माल युरोपच्या निर्यातीतून थांबविला जातो, हे सर्व त्यातच नोंदले जाते. युरोपात एखाद्या खोक्यात दोष सापडला, तर तो कोणत्या प्लॉटमधला हे शोधता येते. तपासणी कोणत्या रसायनांची करायची, याचे मार्गदर्शन मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र करते.

२०१० ची घटना ही व्यवस्था असताना घडली, हे विसरू नये. व्यवस्था होती, पण यादी अपुरी होती. त्यानंतर सीसीसी तपासणीत आले. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. बागेत काय झाले, हे सांगणारी वही आपल्याच घरात असते.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा हंगाम अद्याप संपलेला नव्हता. मजूर, गाड्या, बाजार सर्वच अडले. ज्यांच्याकडे एकच खरेदीदार होता, त्यांचे घड वेलीवर राहिले. काहींनी बेदाणा केला. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीकडे निर्यात, प्रक्रिया व देशातील विक्री अशा अनेक वाटा होत्या. तिने शहरातील ग्राहकांपर्यंत फळे व भाजीपाला थेट पोचविला.

नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. डिसेंबरात मोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला. ऐन हंगामात प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडे वाढले. अशा वेळी निर्यातदार दुसरे जहाज शोधील, वेळापत्रक बदलील. परंतु दोन आठवडे जास्त टिकण्याची ताकद घडात कोठून येणार? ती बागेतूनच यायला हवी.

आपण काय करावे?

१. फवारणीची नोंदवही खरड छाटणीपासून ठेवावी. औषधाचे नाव, त्यातील घटक, प्रमाण, तारीख आणि दुकानाची पावती, सर्व त्यात असावे. वाढरोधके, संजीवके व "टॉनिक" म्हणून विकली जाणारी द्रव्येही लिहावीत. ज्या बाटलीवर घटक छापलेला नाही, ती निर्यातीच्या बागेत आणूच नये.

२. टिकाऊपणा बागेत तयार करावा. मणी भरण्याच्या काळात नत्राचा अतिरेक टाळावा. त्याने मणी मऊ राहतात. वेलीवर घड झेपतील तेवढेच ठेवावेत. काढणी सकाळी लवकर, मण्यांचे तापमान २० अंशांच्या आत असताना करावी. माल उन्हात न ठेवता लगेच पॅकहाऊसला न्यावा, लवकर ४ अंशांपर्यंत थंड करावा व पुढे शून्य ते एक अंशावर राखावा. सकाळी वाया घालविलेल्या दोन तासांची भरपाई शीतगृहात होत नाही.

३. दुसरी वाट हंगामापूर्वी पाहून ठेवावी. सर्व प्लॉटची छाटणी एकाच आठवड्यात करू नये. स्थानिक बाजाराचे दोन व्यापारी आणि जवळचे बेदाणा शेड यांच्याशी आधीच बोलून ठेवावे.

४. उशिरा मिळणाऱ्या वस्तूच तेवढ्या साठवाव्यात. खोकी, ग्रेपगार्ड, बेदाण्यासाठी लागणारे डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेट यांची गरज गटाने मिळून काढावी. सर्वच वस्तूंचा साठा केल्यास भांडवल अडकते.

५. व्यवहार लेखी करावा. माल परदेशात अडल्यास तोटा कोणी किती सोसायचा, पहिला हप्ता केव्हा मिळणार, वजावट कोणत्या कागदावरून होणार, हे माल उचलण्यापूर्वी लिहून घ्यावे.

हा शेवटचा मुद्दा थोडा अधिक स्पष्ट करतो. साखळी सुधारणे म्हणजे काही वेळा आपला धोका लहान माणसाच्या गळ्यात घालणे, असाही अर्थ व्यवहारात होतो. साठा पुरवठादाराने करावा, तपासणीचा खर्च त्यानेच करावा, आणि माल नाकारला तर तोटाही त्याचाच. द्राक्षाच्या साखळीत असा शेवटचा लहान माणूस म्हणजे आपण. एकट्याने हे बदलत नाही. गट, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी यांच्या नावाने पन्नास शेतकरी एकत्र बसून करार करतात, तेव्हा समोरचाही कागद नीट वाचतो. आयसिनचा कारखाना जळाला तेव्हा दोनशे कंपन्या धावल्या, कारण त्यांचे संबंध आगीच्या आधीचे होते. आपले गटही संकटाच्या आधी जमले पाहिजेत.

आमच्या घरी ती २०१० ची वही अजून आहे. तिच्या पहिल्या पानावर वडिलांनी नंतर, वेगळ्या शाईने, एप्रिलची ओळ लिहिली. त्या वर्षाच्या मालाला तिचा उपयोग नव्हता. परंतु तेव्हापासून आमच्याकडे नवी वही खरड छाटणीच्या दिवशी, कात्रीला धार लावण्याआधी उघडली जाते. आपण घरी गेल्यावर आपली वही काढावी आणि पहिली नोंद कोणत्या महिन्याची आहे ते पाहावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.