व्यवस्थापकीय अर्थशास्त्राचा अभ्यास : भीती सोडा, हिशेब मांडा

(व्यवस्थापन अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आम्ही दिवसा नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केलेली मंडळी आहोत. यंदा प्रवेश घेतलेल्या मुलामुलींशी दोन शब्द बोलावेत असे आम्हांस सांगण्यात आले, तेव्हा आम्ही विषय निवडला तो व्यवस्थापकीय अर्थशास्त्राचा. कारण पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याची छाती दडपते ती याच विषयाने. जाडजूड इंग्रजी पुस्तक, पानोपानी आलेख आणि मध्येच समीकरणे! कला शाखेचा विद्यार्थी गणिताला भितो, विज्ञान शाखेचा परिभाषेला भितो आणि शेवटी दोघेही तयार नोट्स पाठ करतात. पेपर सुटतो, पण त्याबरोबर विषयही हातातून सुटतो.

याची किंमत पुढे नोकरीत मोजावी लागते. मालाचा दर काय ठेवायचा, कारखान्याचा एखादा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, किती माणसे ठेवायची, हे जेथे ठरते त्या टेबलापर्यंत आपली मुले आता पोहोचत आहेत. तेथे बसून दुसऱ्याने मांडलेल्या आकड्यांपुढे नुसती मान डोलवायची, की तो हिशेब तपासून प्रश्न विचारायचा, हा फरक या विषयाने पडतो.

हा विषय आहे तरी काय? किंमत बदलली की मागणी किती बदलते हे मोजण्याची लवचिकतेची कल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 च्या आपल्या ग्रंथात मांडली. परंतु अशा कल्पना व्यवस्थापकाच्या रोजच्या निर्णयांना कशा लावायच्या, याचे पद्धतशीर विवेचन अमेरिकेतील जोएल डीन यांनी 1951 च्या 'मॅनेजरियल इकॉनॉमिक्स' या पुस्तकात केले. म्हणजे हे अर्थशास्त्र निर्णयासाठी आहे. त्याचा गाभा एकाच प्रश्नात आहे : या निर्णयाने नेमके काय बदलेल, आणि त्यासाठी आपण काय सोडून देणार आहोत?

एक उदाहरण पाहू. आपल्या वस्तीतील दोन भगिनी जेवणाचे डबे पुरवितात असे समजा. जागेचे भाडे वगैरे स्थिर खर्च महिन्याला 12,000 रुपये. एका डब्याला धान्य, भाजी, गॅस मिळून 40 रुपये लागतात आणि डबा 60 रुपयांना जातो. प्रत्येक डब्यामागे 20 रुपये सुटतात. म्हणून 600 डबे गेले की ना नफा, ना तोटा. महिन्याला 800 डबे जात असतील तर 4,000 रुपये नफा.

आता एका वसतिगृहाने आणखी 100 डबे 50 रुपयांच्या दराने मागितले. घ्यावेत का? सरासरीने पाहणारा म्हणेल, "आज डबा 55 रुपयांना पडतो, 50 ला कसा द्यायचा?" पण भाडे तर द्यायचेच आहे. जादा डब्याचा जादा खर्च 40 रुपयेच आहे. यालाच पुस्तकात मार्जिनल कॉस्ट, म्हणजे सीमान्त खर्च म्हणतात. हातात वेळ आणि भांडी शिल्लक असतील तर या मागणीतून 1,000 रुपये जास्त मिळतील. मात्र जुन्या गिऱ्हाइकांना हे कळून सर्वांनीच 50 रुपयांचा दर मागितला, तर 900 डबे करूनही महिन्याला 3,000 रुपये तोटा येईल! सूत्र पाठ करणारा पहिला अर्धा भाग सांगतो. विषय समजलेला दुसरा अर्धा भागही पाहतो.

आणि याच हिशेबात एक रक्कम लिहायची राहून गेली आहे. त्या दोघींची मेहनत! त्यांना दुसरीकडे दरमहा प्रत्येकी 6,000 रुपये मिळू शकत असतील, तर 4,000 चा नफा हा खरा नफाच नव्हे. 8,000 ची तूट आहे. हा झाला संधी-खर्च. घरच्या माणसाचे, विशेषतः स्त्रीचे श्रम फुकट धरण्याची आपली सवय किती महाग आहे, हे या एका आकड्याने दिसते.

पालकांनी हाच हिशेब या अभ्यासक्रमालाही लावावा. दोन वर्षांची फी 4,00,000 रुपये आणि मुलाने सोडलेली नोकरी दरमहा 15,000 रुपयांची असेल, तर खरा खर्च 7,60,000 रुपये होतो. उलट, जेवणखाण घरी राहूनही लागणारच होते, ते यात धरू नये. कर्ज काढण्यापूर्वी हा आकडा कागदावर मांडा आणि संध्याकाळच्या अभ्यासक्रमाशी त्याची तुलना करा.

गेलेला पैसा मात्र निर्णयात आणू नये. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी 1962 मध्ये कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान विमानासाठी करार केला. खर्च वाढतच गेला, फायद्याची आशा मावळली, तरी काम पुढे रेटले गेले. 1976 मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली. एकूण 20 विमाने बांधली गेली, त्यांपैकी 14 च सेवेत आली आणि 2003 मध्ये ती सेवा थांबली. 'इतके घातले, आता मागे कसे फिरायचे' या विचाराला अर्थशास्त्रात कॉन्कॉर्डचेच नाव पडले आहे.

मित्रहो, हा विचार आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे जोडले की शेती सुधारेल, असे त्या काळी अनेक जण म्हणत होते. बाबासाहेबांनी दाखविले की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; तिच्यावर लागणारे श्रम, भांडवल व अवजारे यांच्या प्रमाणावर ठरते. भांडवल अपुरे आणि शेतीवर अवलंबून माणसे फार, हे मूळ दुखणे. म्हणून औद्योगिकीकरण हा उपाय. उत्पादनाच्या साधनांचे योग्य प्रमाण कोणते, हाच प्रश्न आज तुमच्या पुस्तकातील उत्पादन-फलनाच्या प्रकरणात आहे.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कारखान्याने सांडपाणी नाल्यात सोडले, तर खर्च वाचतो तो मालकाचा; आजारपण येते ते नाल्याकाठच्या लोकांना. आर्थर पिगू यांनी 1920 च्या ग्रंथात अशा दुसऱ्यावर ढकललेल्या खर्चाचा विचार केला आहे. तेव्हा खर्च किती, याबरोबरच तो कोण सोसतो, हेही विचारा.

अभ्यास कसा करावा? आलेख पाहून सोडू नका. आकड्यांचा तक्ता करून स्वतःच्या हाताने काढा. कल्पना आधी मराठीत एकमेकांना समजावून सांगा, मग इंग्रजीत उत्तर लिहा. रविवारी चार-पाच जणांनी एकत्र बसा. शेजारच्या शिंप्याचा, भाजीवाल्या मावशींचा हिशेब त्यांच्या परवानगीने मांडून पाहा. तेवढे करणाऱ्याला समीकरण म्हणजे त्याच हिशेबाचे थोडक्यात लिहिलेले रूप वाटू लागते.

पाठांतराने गुण मिळतील. पण निर्णय घेण्याची ताकद हिशेब मांडल्यानेच येईल. ती आपण सर्वांनी मिळवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.