कुकी : संगणकाची चिठ्ठी आणि आपल्या घरची गोष्ट
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय नावावरून खाऊचा वाटेल. कुकी म्हणजे बिस्किट, हे खरे. परंतु मोबाईलवर एखादे संकेतस्थळ उघडताच 'ॲक्सेप्ट ऑल कुकीज' अशी जी पाटी पुढे येते, ती चीज निराळी आहे. आपण बहुतेकजण ती न वाचताच होकार देऊन मोकळे होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते. वाचायला वेळ कुणाला?

सरकारी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना आपला चेहरा आठवत नाही. आपण केसपेपर पुढे करतो, तेव्हा त्यांना मागचे सारे कळते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आता दुसरे पान मागणारा माणूस मघाचाच की नवा, हे त्याला समजत नाही. म्हणून ते आपल्या ब्राउझरच्या हाती क्रमांक घातलेली एक चिठ्ठी देते आणि पुढच्या खेपेस ब्राउझर ती दाखवतो. हीच कुकी. १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. दुकानात निवडलेला माल खरेदी पुरी होईपर्यंत लक्षात राहावा, एवढाच हेतू होता. तो वाईट नव्हता. कुकी हा विषाणूही नव्हे. तिच्यावाचून लॉगिन टिकणार नाही.

बिघडले ते पुढे. समजा, बाजारातील किराणा दुकान, औषधांचे दुकान आणि पुस्तकांचे दुकान, या तिन्हींच्या दारात एकाच जाहिरात कंपनीची माणसे बसली आहेत आणि तुमच्या हातातील चिठ्ठीवरचा एकच क्रमांक टिपून घेत आहेत. दुकानदाराला त्याच्यापुरते ठाऊक; या कंपनीला मात्र तुमचा सगळा दिवस ठाऊक. यालाच 'थर्ड-पार्टी कुकी', म्हणजे तिऱ्हाइताची चिठ्ठी म्हणतात. तिच्यावर तुमचे नाव नसेलही, पण क्रमांकामागचा माणूस कसा आहे, याचा अंदाज पुरेसा बांधता येतो.

आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच मोबाईल चार हातांतून फिरतो. आईने दुपारी छातीतील गाठीविषयी काही वाचले. अद्याप कुणाला सांगितलेले नाही, सांगण्याचे धैर्य गोळा करते आहे. संध्याकाळी मुलगा त्याच मोबाईलवर क्रिकेटच्या बातम्या वाचू लागतो आणि मध्येच कर्करोगाच्या तपासणीची जाहिरात येते. मुलीने परगावच्या महाविद्यालयाचे वसतिगृह शोधले, तर अब्बांशी बोलण्यापूर्वीच वसतिगृहाच्या जाहिराती अब्बांपुढे हजर! घरातली गोष्ट कुणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावी, हे त्या माणसाने ठरवावे. जाहिरातदाराने ते का ठरवावे? ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने भ्यावे कशाला, असे काही पालक म्हणतात. त्या आईने काय गुन्हा केला होता, एवढेच मी त्यांना विचारतो.

विद्यार्थ्यांसाठी दुसरा धोका अधिक रोकडा आहे. नेट कॅफेत अर्ज भरताना तुम्ही लॉगिन केले की त्याची चिठ्ठी त्या संगणकात राहते. नुसती खिडकी बंद करून उठलात, तर पुढे बसणाऱ्याला पासवर्डवाचूनही तुमचे खाते उघडे सापडू शकते. त्यात बँकेचा खाते क्रमांक आणि उत्पन्नाचा दाखलाही असतो. म्हणून आधी 'लॉग आउट' करा. परक्या संगणकावर 'इनकॉग्निटो' खिडकी वापरावी. अशा सर्व खिडक्या बंद केल्या की चिठ्ठ्या पुसल्या जातात. मात्र तिच्यामुळे आपण अदृश्य होतो, हा गैरसमज आहे. संकेतस्थळाला आणि ज्याचे इंटरनेट वापरतो त्याला तुमचे येणे-जाणे कळू शकते.

आता उपाय. ॲपलच्या सफारीने २०२० पासून तिऱ्हाइताच्या कुकी आपणहून अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला सुरुवात केली. गूगलने २०२० मध्ये क्रोममधून दोन वर्षांत त्या काढण्याचे जाहीर केले, मुदती पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. जाहिरातीवर पोट असणाऱ्याकडून वेगळी अपेक्षा तरी काय करावी? तेव्हा क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तिऱ्हाइताच्या कुकी आपणच बंद कराव्यात. सगळ्याच कुकी बंद करू नका, नाहीतर अर्जाचे पान पुढे सरकणार नाही. पाटीवर 'रिजेक्ट' असेल तर ते दाबावे. ते बारीक अक्षरांत असते, शोधावे लागते.

कायदाही आता आपल्या बाजूने काही बोलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, काही अपवाद सोडता, अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांसाठी तेथून अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

ज्यांना ही सेटिंग सापडणार नाहीत, त्यांनी चहापानानंतर मोबाईल घेऊन संगणक कक्षात यावे. आपले शिक्षक आणि मी तेथेच आहोत. पासवर्ड मात्र आम्हांलाही सांगू नका.