पंचनाम्यात न बसणारे नुकसान



अस्मानी संकट आले की तलाठी पंचनाम्याला येतो. घर किती पडले, जनावरे किती दगावली, उभे पीक किती बुडाले, ते लिहून घेतो. आम्ही संघटनेची माणसे. तो कागद पाहून आम्ही विचारतो, त्या पिकाच्या काढणीला जी बाई जाणार होती, तिची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? तिचे घर शाबूत आहे, जनावर तर तिला नव्हतेच. म्हणजे हिशोबात तिचे काहीच गेले नाही! पण मजुरी बुडाली की घोडनदीच्या पेठेत उधारीची वही फुगते, हे येथील व्यापारी मंडळींना आम्ही काय सांगावे?

कारखान्यातही तोच प्रकार. 2011 साली थायलंडात अयुथया भागातील औद्योगिक वसाहती पुरात बुडाल्या. जागतिक बँकेने नुकसान सुमारे 4,600 कोटी डॉलर धरले. त्यातला मोठा वाटा कारखानदारीचा. यंत्राचा विमा उतरवता येतो, रोजंदारीवाल्याच्या बुडालेल्या दिवसाचा कोण उतरवतो? रांजणगाव आणि कुरकुंभच्या कामगारांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची भरपाई आली, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी. पण बदली आणि कॅज्युअल कामगार तीतून वगळले गेले.

बुडालेल्या मजुरीची दखल एकदा मात्र महाराष्ट्राने नीट घेतली. 1972 च्या दुष्काळात शेते ओस पडली आणि माणसे खडी फोडू लागली. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. शिरूर-दौंड हे तर अवर्षणाचेच तालुके. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर झाला व 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्यासाठी पैसा कोठून आला? 1975 पासून शहरी नोकरदाराच्या पगारातून कापल्या गेलेल्या व्यवसाय करातून, आणि तितकीच भर सरकारने घातली. करांविषयी आमची तक्रार नेहमीची, पण या कराबद्दल आम्ही कधी कुरकुर केली नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. पंचनाम्याच्या कागदावर आणखी एक रकाना हवा : बुडालेले कामाचे दिवस. शेतमजुरांची यादी ग्रामसभेने करावी, कॅज्युअल कामगारांची हजेरीपटावरून घ्यावी. दोन्ही तालुक्यांतील ग्रामसभांनी तसा ठराव पावसाळ्यापूर्वी तहसीलदारांकडे पाठवावा. मसुदा आम्ही बरोबर आणला आहे.