मुंबई–नागपूर : दोऱ्याचे गणित

मंडळी, नकाशावर मुंबईपासून नागपूरपर्यंत दोरा ताणून पाहा. अंतर भरते सुमारे ६८० किलोमीटर. आगगाडी नाशिक-भुसावळकडून वळणे घेत जाते, तिला ८४० च्या आसपास पडतात. विमानाचा वेग तासाला ८०० धरा. गुरुजी, पोरांना गणित घाला. उत्तर येईल ५१ मिनिटे! तिकिटावर मात्र दीड तास लिहिलेला. मग खोटे कोण? कुणीच नाही. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, चढणे, उतरणे, मुंबईवर गर्दी असली म्हणजे आभाळातच घिरट्या घालणे, हे सारे त्यात धरलेले असते. पण नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पोराने या दीड तासावरही विसंबू नये. सामान घेण्याची खिडकी विमान सुटायच्या साधारण तासभर आधीच बंद होते. आणि आपली एस. टी. त्याच्याही आधी पोचायला हवी ना!