मृदंगावरची कणीक

(पुण्यस्मरणाच्या दिवशी दिंडीपुढे केलेले भाषण)



आपल्या दिंडीचे मृदंगमणी माघात अचानक गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळी भजनाला वाजवलं, सांजच्याला बातमी. तुम्हाला ते बुवा, मला जिवाचे मित्र.

अशा वेळी नामदेवरायांकडं बघावं. 1296 साली आळंदीला ज्ञानोबारायांनी समाधी घेतली, तीर्थयात्रेचा सोबती अंतरला. नामदेवरायांनी तो शोक अभंगांत ठेवला. गाथ्यातलं समाधी प्रकरण ते हेच. म्हणून 700 वर्षांनंतरही तो वियोग टाळ-मृदंगावर गाता येतो.

बुवांच्या कितीतरी जुन्या चाली लिहिलेल्या नाहीत. त्या तुमच्या-आमच्या कानांत आहेत. आपण गेलो की त्याही जातील.

मृदंगाच्या धुमाला कणीक दर खेपेला ताजी लावावी लागते, कालची चालत नाही. आठवणीचंही तसंच. बुवांनी शिकवलेली पोरं आज कणीक मळतात, बोल घोकतात. यंदा वारीत त्यातल्या एकानं थाप मारली आणि माझी पावली आपोआप पडली. हात पोराचा, वळण बुवांचं.

तर विनंती एवढीच : ज्याला बुवांची एक चाल येते, त्यानं ती पुढच्या वारीआधी एका पोराच्या गळ्यात घालावी.

राम कृष्ण हरी.